अमेरिकन लष्करी अळी: रूप, वाट आणि मुक्काम

२०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोगा परिसरात मक्याच्या पोंग्यात एक अनोळखी अळी मोठ्या संख्येने दिसू लागली. तिथल्या कृषी व बागायती विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी रूपावरून आणि डीएनएवरून तिची ओळख पटवली: स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा, म्हणजे अमेरिका खंडातली लष्करी अळी. जुलैअखेरीस बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने देशभर सावधगिरीचा इशारा दिला. सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात ती उसावर सापडली, आणि पुढच्या खरिपापर्यंत देशातल्या बहुतेक मका पिकवणाऱ्या राज्यांत तिची नोंद झाली होती. महाराष्ट्रात आता ती नवी राहिलेली नाही. नाशिक, जळगाव, जालना, छत्रपती संभाजीनगर, बुलढाणा या पट्ट्यात मका पेरणारा शेतकरी तिचा खर्च धरूनच हंगामाचा हिशेब मांडतो.

कोणते औषध केव्हा फवारावे याची पत्रके कृषी विद्यापीठांनी काढली आहेत आणि ती चांगली आहेत. इथे आढावा घ्यायचा आहे तो त्याआधीच्या प्रश्नांचा. हा पतंग नेमका ओळखायचा कसा? तो आला कुठून, एकदा आला की अनेकदा? आणि आता तो आपल्याकडे वर्षभर कुठे राहतो? या तिन्ही प्रश्नांवर गेल्या दशकात भरपूर संशोधन झाले आहे आणि तज्ज्ञांत खरे मतभेदही आहेत. माझ्या मते या मतभेदांच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. आपल्याला हा कीटक माहीत आहे तो अळी म्हणून, तोही मक्याच्या पोंग्यात. रात्री उडणारा, गवतावर बसणारा, पीक नसलेल्या दिवसांत कुठेतरी तग धरणारा पतंग म्हणून आपण त्याला फार थोडे पाहिले आहे. त्यामुळे त्याच्या प्रसाराचा नकाशा म्हणून जो काढला जातो तो बराचसा मक्याचाच नकाशा असतो.

मूळ घर

या पतंगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १७९७ चे आहे. जॉन अ‍ॅबट हा चित्रकार-संग्राहक अमेरिकेतल्या जॉर्जियात राहून फुलपाखरे आणि पतंग त्यांच्या अळ्यांसह आणि खाद्य वनस्पतींसह रंगवत असे. त्याच्या चित्रांवरून जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी लंडनमध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात ही जात आहे. म्हणजे शास्त्राला ती सव्वादोनशे वर्षांपासून ठाऊक आहे, आणि त्यातली दोनशेहून अधिक वर्षे ती फक्त अमेरिका खंडातली मानली जात होती.

तिच्या स्वभावातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे. थंडीत सुप्तावस्थेत जाण्याची सोय या कीटकाकडे नाही. आपल्याकडची गुलाबी बोंडअळी प्रतिकूल काळ सुप्तावस्थेत काढू शकते. या अळीला ते जमत नाही. वाढीसाठी तिला साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते आणि सर्वांत सुखाची वाढ २६ ते ३० अंशांच्या दरम्यान होते. त्यामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हिवाळा काढता येतो तो फक्त दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सासमध्ये. तिथून दर वसंतात पतंग पिढ्यान्‌पिढ्या उत्तरेकडे सरकतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी कॅनडापर्यंत पोचतात. तिथे थंडी पडली की ती पिढी मरते. काही पतंग शरदात दक्षिणेकडे परततात का, हा प्रश्न अमेरिकेतही पुरता सुटलेला नाही.

उडण्याची ताकद मात्र वादातीत आहे. एका रात्रीत शंभर किलोमीटर ही या पतंगासाठी नवलाची गोष्ट नाही. अनुकूल वाऱ्यावर मिसिसिपीपासून दक्षिण कॅनडापर्यंत सुमारे १६०० किलोमीटर अंतर ३० तासांत कापल्याची १९७० च्या दशकातली नोंद आजही संदर्भासाठी घेतली जाते.

रूप: अळीचे आणि पतंगाचे

पूर्ण वाढलेली अळी ओळखणे अवघड नाही. डोक्यावर फिकट रंगाची उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असते. शेपटीकडच्या, म्हणजे पोटाच्या आठव्या खंडावर चार ठळक काळे ठिपके चौकोनात बसलेले असतात, आणि त्यामागच्या खंडावर तेच चार ठिपके समलंब आकारात. या दोन खुणांपैकी चौकोन जास्त भरवशाचा. उलट्या वायची रेघ इतर अनेक अळ्यांच्या डोक्यावरही कमी-अधिक दिसते, कारण कात टाकताना कवच जिथे उकलते तीच ती शिवण आहे. शेतात मात्र अळीच्या आधी दिसते ती तिची करणी: पानांवर एका ओळीत पडलेली भोके, खिडकीसारखे पारदर्शक झालेले चट्टे आणि पोंग्यात साचलेली लाकडाच्या भुशासारखी विष्ठा.

अडचण आहे ती लहान अळीची. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दोन अवस्थांत या खुणा उमटलेल्या नसतात, आणि उपाय स्वस्तात व परिणामकारक होतो तो नेमका त्याच दिवसांत. नंतर अळी पोंग्यात खोल उतरते, वर विष्ठेचे बूच बसते आणि फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे ओळख खात्रीची होते तेव्हा वेळ टळत आलेली असते. अंडीपुंज हीच त्यातल्या त्यात लवकरची खूण. शे-दोनशे अंड्यांचा पुंजका, त्यावर मादीने आपल्या अंगावरच्या खवल्यांचे राखाडी आवरण घातलेले. पण आपल्याकडची तंबाखूवरची पाने खाणारी अळी, स्पोडोप्टेरा लिट्युरा, हिची मादीही अंडी अशीच झाकते.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. लष्करी अळी या नावाने आपल्याकडे आधीपासून काही कीटक ओळखले जातात. ज्वारी, गहू आणि भातावर धाडीने येणारी मिथिम्ना सेपराटा ही एक. तिच्या डोक्यावर जाळीदार नक्षी असते. कोकणात भाताच्या रोपवाटिकेवर आणि खाचरात येणारी स्पोडोप्टेरा मॉरिशिया ही दुसरी. त्यामुळे २०१८ नंतरच्या एखाद्या तालुक्याच्या अहवालात नुसते ‘लष्करी अळी’ लिहिलेले असेल, तर पीक, हंगाम आणि खुणा पाहिल्याशिवाय तो आकडा कोणत्या जातीच्या खात्यात टाकायचा हे सांगता येत नाही. ‘अमेरिकन’ हे विशेषण कंटाळा न करता लिहिले पाहिजे, इतका साधा आग्रह इथे धरावासा वाटतो.

आता पतंग. पंख पसरल्यावर रुंदी ३२ ते ४० मिलिमीटर. नर त्यातल्या त्यात देखणा: पुढच्या पंखावर राखाडी-तपकिरी नक्षी, टोकाशी एक पांढरा त्रिकोणी डाग आणि मध्याजवळ फिकट तिरका पट्टा. मादी मळकट, जवळजवळ खुणाच नसलेली. दोघांचेही मागचे पंख रुपेरी पांढरे, कडेला बारीक काळसर रेघ. ताज्या नराबद्दल शंका राहत नाही. पण कामगंध सापळ्यात अडकून दोन दिवस फडफडलेल्या पतंगाच्या पंखावरचे खवले गळालेले असतात आणि मग नक्षीवर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय सापळ्यात लावलेल्या गोळीकडे, म्हणजे ल्युअरकडे, फक्त हाच पतंग येतो असेही नाही. आफ्रिकेत मिथिम्ना लोरेयी ही जात याच सापळ्यांत मोठ्या प्रमाणात अडकल्याचे दिसले आहे, आणि ती जात भारतातही आहे. झिजलेल्या नराची खात्री करायची तर जननांगांची तपासणी किंवा डीएनए, हे दोनच मार्ग उरतात. सापळ्यांतल्या नुसत्या संख्येवर बेतलेली प्रसाराची आकडेवारी या कारणाने जपून वाचावी लागते.

चार वर्षांत अर्धे जग

२०१६ च्या जानेवारीत नायजेरियात मक्यावर ही अळी दिसली. त्याच वर्षी बेनिन, टोगो आणि साओ टोमे व प्रिन्सिपे इथून दुजोरा आला. २०१७ मध्ये ती पूर्व आफ्रिकेत केनिया-इथिओपियापर्यंत होती, आणि २०१८ उजाडले तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडचे जवळजवळ सगळे देश तिच्या यादीत होते. २०१८ मध्ये येमेन आणि भारत. त्याच वर्षाच्या अखेरीला श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या युनानमध्ये ती निश्चित झाली आणि वर्षभरात तिथल्या २६ प्रांतांत पोचली. २०१९ च्या उन्हाळ्यात नेपाळ, कोरिया, जपान. २०२० च्या सुरुवातीला टॉरेस सामुद्रधुनीतली बेटे आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी. २०२२ मध्ये न्यूझीलंड, २०२३ मध्ये ग्रीस.

ही यादी वाचताना डोळ्यांसमोर आपोआप एक बाण उभा राहतो: पश्चिम आफ्रिकेतून पूर्वेकडे, अरबी समुद्र ओलांडून भारत, तिथून आग्नेय आशिया, चीन, ऑस्ट्रेलिया. हा बाण खरा की नोंदींच्या क्रमाने निर्माण केलेला आभास, हाच या क्षेत्रातला आजचा मुख्य वाद आहे.

एकच आगमन की अनेक?

पहिली भूमिका अमेरिकेच्या कृषी विभागातले संशोधक रॉड नागोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. फ्लोरिडा आणि टेक्सास इथल्या पतंगांत मायटोकॉन्ड्रियाच्या एका जनुकातल्या काही प्रकारांचे प्रमाण वेगवेगळे असते, आणि उत्तरेकडे जाणारे थवे कोणत्या केंद्रातून निघाले हे त्यावरून सांगता येते, हे त्यांनी आधीच दाखवले होते. तीच पद्धत आफ्रिकेतल्या नमुन्यांना लावल्यावर ते फ्लोरिडा-कॅरिबियन गटाशी जुळले. पुढे भारत, म्यानमार आणि चीनमधल्या नमुन्यांत आफ्रिकेतलेच प्रकार आणि साधारण तेच प्रमाण आढळले. मूळ अमेरिकेत जेवढी विविधता आहे तिच्या मानाने हे भांडवल फारच थोडे. यावरून निष्कर्ष असा की मोजक्या पतंगांची, बहुधा एकाच वेळची आयात पश्चिम आफ्रिकेत झाली आणि तीच वंशावळ पूर्वेकडे पसरली.

दुसरी भूमिका ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेचे वी टेक टे आणि सहकारी मांडतात. त्यांचा मुख्य आक्षेप पद्धतीवर आहे: दोन-तीन जनुकांच्या खुणांवरून इतका मोठा इतिहास लिहिता येत नाही. त्यांनी संपूर्ण जीनोममधल्या शेकडो जागा तपासल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात आफ्रिका आणि आशियातले पतंग एका वंशाचे दिसत नाहीत. आग्नेय आशियातल्या आणि नंतर ऑस्ट्रेलियातल्या काही समूहांची वेगळी घडण दिसते, आणि जनुकांचा ओघ काही ठिकाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे असल्याचेही त्यांचे विश्लेषण सुचवते. त्यांच्या मते हा कीटक व्यापारी मालातून अनेकदा आणि अनेक दारांनी आत आला असावा, आणि आग्नेय आशियात तर तो २०१६ च्या आधीपासूनही असू शकतो. युरोपच्या बंदरांवर आणि विमानतळांवर भाजीपाल्यात ही अळी वारंवार पकडली गेली आहे, हा पुरावा या भूमिकेला बळ देतो. माल जिथे तपासला जातो तिथे ती सापडत असेल, तर न तपासलेल्या मालातून ती पुढे गेली असणारच.

दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट पाहिले तर ते वाटते तितके परस्परविरोधी नाही. पहिल्या गटाचा पुरावा सांगतो की आफ्रिका आणि आशियातल्या पतंगांचा मोठा हिस्सा जवळच्या नात्यातला आहे. दुसऱ्या गटाचा पुरावा सांगतो की त्या मोठ्या हिश्शाबरोबर आणखीही धागे आहेत. एक मोठे आगमन आणि त्याला येऊन मिळालेली काही छोटी आगमने, असे चित्र दोन्हींना सामावून घेऊ शकते. खरा तिढा आहे तो दिशेचा आणि काळाचा. तो सोडवायला २०१६ पूर्वीचे आशियातले नमुने लागतात, आणि नव्या नमुन्यांवरचे कितीही बारीक विश्लेषण त्यांची जागा घेऊ शकत नाही.

भारताच्या बाबतीत एक उपप्रश्न आपल्याला जवळचा आहे. आफ्रिकेतून ती इथे आली असेल तर वाऱ्यावर की विमानातून? नैऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर सोमालियाच्या किनाऱ्याकडून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे वाहतात, आणि कीटकांनी हिंदी महासागर ओलांडणे अशक्य नाही. पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा चतुर ते करतो. पण अंतराचा विचार करा. सोमालियाच्या टोकापासून कर्नाटक-कोकणचा किनारा अडीच हजार किलोमीटरहून दूर आहे. मिसिसिपी-कॅनडा प्रवासाचा विक्रमी वेग धरला तरी सुमारे दोन अहोरात्र कुठेही न टेकता उडावे लागेल. शिवाय शिवमोग्यात अळ्या सापडल्या त्या मे महिन्यात, त्या वर्षीचा मोसमी वारा स्थिरावण्याआधी. म्हणजे पतंग वाऱ्याने आले असतील तर ते २०१७ च्या पावसाळ्यात आले आणि जवळजवळ वर्षभर कुणाच्या नजरेस पडले नाहीत, असे मानावे लागते. त्या वर्षी पूर्व आफ्रिकेत ही अळी होती, त्यामुळे ही शक्यता बाद होत नाही. पण रेगन अर्ली आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हवामान आणि प्रवासी वाहतूक एकत्र मांडून जे अनुमान काढले, त्यात विमानांतून चोरपावलांनी येणे हा खंडांतराचा सोपा मार्ग ठरतो. मला स्वतःला मालातून किंवा विमानातून आगमन आणि त्यानंतर इथल्या इथे वाऱ्यावर प्रसार, हा क्रम जास्त संभवनीय वाटतो. शिवमोगा ते सांगली हे अंतर या पतंगाला काही रात्रींचे आहे.

मक्याची की भाताची?

या जातीत दोन गट आहेत, ज्यांना मका स्ट्रेन आणि भात स्ट्रेन म्हणतात. १९८० च्या दशकात डोरोथी पॅशली यांनी त्यांचा वेगळेपणा दाखवून दिला. मका स्ट्रेन मका, ज्वारी आणि कापसावर. भात स्ट्रेन भात, चराऊ गवते आणि लसूणघासासारख्या चाऱ्यावर. डोळ्यांनी पाहून हे दोन गट वेगळे सांगता येत नाहीत. पंखांच्या आकारात सूक्ष्म फरक मोजले गेले आहेत, पण एकेका पतंगाचा निवाडा त्यावर होत नाही. वागण्यात मात्र फरक आहे. मका स्ट्रेनचे पतंग रात्रीच्या पहिल्या भागात जोडीदार शोधतात, भात स्ट्रेनचे उत्तररात्री. एवढ्या फरकामुळे काही संशोधक त्यांना वेगळ्या जाती होऊ घातलेले गट मानतात. इतरांचे म्हणणे असे की निसर्गात त्यांचे संकर सर्रास होतात, तेव्हा जात एकच.

भारतातल्या पहिल्या नमुन्यांची तपासणी झाली तेव्हा बहुसंख्य अळ्या ‘भात स्ट्रेन’ ठरल्या, आणि भात पिकवणाऱ्या पट्ट्यात धास्ती पसरली. पण ती तपासणी मायटोकॉन्ड्रियाच्या सीओआय या जनुकावर होती, जे फक्त आईकडून येते. झेड गुणसूत्रावरचे टीपीआय हे दुसरे जनुक तपासले तर तेच नमुने बहुतांशी ‘मका स्ट्रेन’ निघतात. आफ्रिकेत हीच विसंगती आढळली, चीनमध्येही. सर्वसाधारण मत आता असे आहे की जुन्या जगात पसरलेला समूह हा मुळात संकरातून आलेला, आईकडून भात स्ट्रेनचा ठसा घेतलेला पण खाण्याच्या आवडीने मका स्ट्रेनचा आहे. शेतातला अनुभव याला पुष्टी देतो. नुकसान मक्याचे, त्याखालोखाल ज्वारीचे, काही प्रमाणात उसाचे आणि बाजरीचे. भाताच्या शेतांवर या कीटकाने मक्यासारखी धाड घातलेली नाही.

म्हणून कोकणातल्या आणि गोव्यातल्या भातशेतकऱ्याला आज तरी या पतंगाची मक्याच्या शेतकऱ्याइतकी चिंता नाही. ‘आज तरी’ हे शब्द मी जाणून लिहितो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात या अळीच्या खाद्य वनस्पतींची संख्या ७६ कुळांतल्या ३५३ इतकी भरली. त्यातल्या अनेक नोंदी एखाददुसऱ्या प्रसंगाच्या असतील, पण इतकी मोठी यादी असलेल्या कीटकाची आवड कायमची ठरलेली असते असे समजणे धाडसाचे आहे. कापसाबद्दलही हेच. मका स्ट्रेन अमेरिकेत कापसावर जातो. आपल्याकडे विदर्भात कापूस आणि मका एकमेकांच्या शेजारी आहेत.

वर्षभराचा मुक्काम

अमेरिकेत या कीटकाचा वार्षिक नकाशा स्पष्ट आहे: दक्षिणेत कायमचा तळ, उत्तरेत हंगामी फेरी. चीनमध्येही तो लवकर स्पष्ट झाला. युनान, ग्वांगडोंग, हायनान अशा दक्षिण प्रांतांत बारमाही वास्तव्य आणि उन्हाळी वाऱ्यांबरोबर उत्तरेच्या मैदानाकडे स्थलांतर. भारताचे काय?

हवामानावर आधारित प्रारूपे दक्षिण आणि मध्य भारताचा मोठा भाग बारमाही वास्तव्याला योग्य ठरवतात. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हॅनालीन डू प्लेसिस आणि सहकाऱ्यांनी केलेले क्लायमेक्स प्रारूप त्यांपैकी एक. उत्तरेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीची थंडी वाढ मंदावते किंवा थांबवते, आणि तिथला समूह दरवर्षी दक्षिणेकडून नव्याने भरला जातो की स्थानिक पातळीवर तग धरतो, यावर दोन्ही बाजूंची मते आहेत. पंजाब-हरियाणात वसंतातल्या मक्याचे क्षेत्र वाढल्यापासून स्थानिक तगाची बाजू थोडी बळकट झाली आहे, कारण थंडी ओसरताच खाद्य तयार असते.

महाराष्ट्रात थंडी हा अडसर नाही. २८ अंशांच्या आसपास अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास सुमारे २५ दिवसांत पुरा होतो, म्हणजे खरिपाच्या एका मका पिकात तीन पिढ्या बसतात. नोव्हेंबरनंतर सोलापूर-मराठवाड्याची रब्बी ज्वारी आणि रब्बी मका असतो. प्रश्न पडतो तो मार्च ते मे या महिन्यांचा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात रान मोकळे, तापमान चाळिशीच्या पुढे. जमिनीत काही सेंटिमीटर खोल असलेला कोष ही उष्णता काही काळ सोसेल, पण कोषावस्था आठ-दहा दिवसांची असते, तीन महिन्यांची नाही. म्हणजे पतंगाला त्या काळातही हिरवे काहीतरी लागतेच.

ते मिळते कुठे, याचे उत्तर बहुधा पाण्याखालच्या शेतीत आहे. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सांगली, कोल्हापूर या दूधपट्ट्यात मुरघासासाठी आणि हिरव्या चाऱ्यासाठी मका आता बारा महिने उभा असतो. शहरांजवळ मधुमका आहे. ऊस तर सदाच असतो, जरी उसावर या अळीची वाढ मक्याइतकी सुखाने होत नाही. हे बरोबर असेल तर जूनमध्ये मराठवाड्याच्या कोरडवाहू मक्यावर येणारी पहिली धाड पश्चिमेच्या बागायती पट्ट्यातून उठलेली असू शकते. दुसरी शक्यता अशी की ती कर्नाटक-तेलंगणातून मोसमी वाऱ्याबरोबर येते. तिसरी, की बांधावरच्या आणि ओढ्याकाठच्या गवतांत ती तिथेच असते आणि आपण गवत तपासत नाही. या तिन्हींत निवड करणे शक्य आहे. एप्रिल-मेमध्ये पिकाबाहेर सापळे लावून, त्यातले नर जननांगांवरून ओळखून आणि त्यांचे डीएनए जपून ठेवून उत्तर मिळेल. आपले बहुतेक सापळे पेरणीनंतर लागतात आणि काढणीबरोबर निघतात.

या प्रश्नाचे वजन शेतकऱ्याच्या खिशावर पडते. तळ जर ठरावीक पट्ट्यात असेल तर उन्हाळ्यात त्या पट्ट्यावर लक्ष देऊन पुढच्या शेकडो गावांचा फवारा वाचू शकतो. तळ सर्वत्र विखुरलेला असेल तर तो मार्ग बंद होतो आणि प्रत्येकाने आपापले शेत राखणे एवढेच हाती उरते. इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली आहे आणि तो नव्या तालुक्यांत पोचतो आहे. त्यामुळे हा नकाशा स्थिर राहणार नाही.

आढळ आणि नुकसान

प्रसाराच्या नकाशावर रंग भरला की तितके नुकसान झाले असे गृहीत धरले जाते. इथेही मतभेद आहेत. २०१७ मध्ये काबी या संस्थेने आफ्रिकेतल्या १२ मका उत्पादक देशांसाठी, उपाय न केल्यास वर्षाला ८३ लाख ते २ कोटी ६ लाख टन मका जाऊ शकतो, असा अंदाज दिला. तो प्रामुख्याने शेतकऱ्यांना विचारून काढला होता. २०१९ मध्ये फ्रेडेरिक बॉड्रॉं आणि सहकाऱ्यांनी झिंबाब्वेत प्रत्यक्ष शेतात मोजमाप केले. तिथे प्रादुर्भावग्रस्त झाडे भरपूर असूनही उत्पादनातली घट सुमारे साडेअकरा टक्के निघाली. पोंग्यातली पाने फाटलेला मका पुढे बराच सावरतो, हे त्याचे एक कारण. फाटके पान पाहणाऱ्याला नुकसान जास्त वाटते, आणि कणीस तोलणाऱ्याला कमी.

आपल्याकडे या चित्रात शत्रुकीटकांचाही वाटा आहे. पावसाळ्यात मेटारायझियम रिलेयी ही बुरशी अळ्यांना मारते आणि हिरवट पांढरी पडलेली अळी पोंग्यात तशीच चिकटून राहते. टेलेनोमस रेमस आणि ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाश्या अंड्यांतच पतंगाला रोखतात. बंगळुरूच्या कीटक संसाधन ब्युरोच्या संशोधकांनी २०१८ मध्येच असे अनेक शत्रू नोंदले. २०१८-१९ चा पहिला उद्रेक आणि नंतरची वर्षे यांत फरक जाणवतो तो किती या शत्रूंमुळे आणि किती फवाऱ्यामुळे, हे वेगळे काढायचे तर न फवारलेली शेजारची शेते मोजावी लागतात.

पुढे काय पाहायचे

वर मांडलेले वाद एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांतल्या काहींची तपासणी दोन मार्गांनी करता येईल असे मला वाटते. पहिली तपासणी मागे जाणारी. विद्यापीठांच्या आणि संग्रहालयांच्या पेट्यांत २०१६ पूर्वीचे प्रकाशसापळ्यांतले स्पोडोप्टेरा पतंग टाचणीला लावलेले आहेत, आणि जुन्या कोरड्या पतंगाच्या पायातूनही आज डीएनए काढता येते. त्यात एक जरी फ्रुजीपर्डा निघाला तर पूर्वेकडे जाणाऱ्या बाणाची सगळी मांडणी बदलावी लागेल.

दुसरी पुढे पाहणारी, आणि ती भाताच्या खाचरात करावी लागेल. भारतात आज पसरलेला समूह संकरित आणि मक्याकडे झुकलेला आहे, यावर संशोधकांत फारसे दुमत नाही. सिंधुदुर्गात, गोव्यात किंवा इंद्रायणीच्या काठी मावळात भातावर अथवा चराऊ गवतावर या अळ्या सातत्याने सापडू लागल्या, आणि त्यांचे सीओआय व टीपीआय दोन्ही भात स्ट्रेनचे निघाले, तर ते पतंग २०१८ च्या समूहातून आलेले असण्याची शक्यता फार थोडी राहील. ते अमेरिकेतून वेगळ्या वाटेने आलेले असतील, आणि आगमन एक की अनेक या प्रश्नाचे भारतापुरते उत्तर भाताच्या रोपावर मिळालेले असेल.